पायाळूची लाथ

माझा मणका मोडला तेव्हा डॉक्टरांनी उताणं पडून राहायला सांगितलं. चुलत्यांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी पाठीचं कुठलंही दुखणं म्हणजे उसण, आणि उसणीवर इलाज एकच: पायाकडून जन्मलेल्या, पायाळू माणसाची लाथ. एवढी अक्कल घरात असताना डॉक्टर हवा कशाला? बोरीहून त्यांनी एक पायाळू आणलासुद्धा.

"पड पालथा. लई हलका पाय हाय त्यांचा."

मी पडलो नाही. पायाळू चहा पिऊन गेला आणि चुलते फुगून बसले.

पुढे कमरेला पट्टा बांधून मी कण्हत कण्हत कांदा साठवायच्या बराखीभोवती चालायला लागलो, सांगितलेले व्यायाम केले. आता चुलते आळेफाट्यावर सांगतात, "पायाळूचा पाय नुसता उंबऱ्याला लागला, अन् पोरगं उठलं."

ऐकणारे पायाळूचा फोन नंबर मागून घेतात.