चौथ्या बाजूची लेस

तिला घरात, दारात आणि कामावर सगळे मुकादम म्हणत. हे नाव तिला तिच्या थोरल्या बहिणीनं लहानपणीच ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात ती इस्त्रीच्या टेबलांवर देखरेख करायची. चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून हवी, नाहीतर पुन्हा उलगड. बाई मनानं वाईट नव्हती, पण एखादी गोष्ट सैल सोडणं काही तिच्या रक्तात नव्हतं. नवरा बिचारा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात मुकाट्यानं ऐकायचा. दोन्ही कामांना चिकाटी लागते, असं त्याचं म्हणणं.

तर या मुकादमबाईंच्या घरी थोरली बहीण, म्हणजे ताई, राहायला आली. आली म्हणजे आणावी लागली. ताईला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. पाय हळूहळू सावरला, बोलणं तर अजिबात बिघडलं नाही, पण डावा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच. ताई जन्मभर एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. एकटी राहिली, आपल्या मर्जीनं राहिली, आणि रिकाम्या वेळात टॅटिंगची लेस विणत राहिली. टॅटिंग म्हणजे सुई नाही, हुक नाही. बोटाएवढं एक होडीसारखं शटल, त्यात गुंडाळलेला धागा आणि नुसत्या गाठी. गाठींचे वेढे आणि वेढ्यांची लेस.

फोनवर जो कोणी चौकशी करी, त्याला मुकादम एकच वाक्य सांगायची, “नशीब समजायचं, डावाच गेला. उजवा असता तर काय केलं असतं हो?” डॉक्टरांनीही तेच म्हटलं होतं. वाक्य चांगलं होतं, धीर देणारं होतं. ताई समोरच्या खुर्चीत बसून ते ऐकायची आणि खिडकीबाहेर बघायची.

झटक्याआधी ताईनं मुकादमसाठी एक टेबलक्लॉथ करायला घेतला होता. त्याच्या तीन बाजूंना लेस लागली होती, चौथी अर्धी होती. “माझ्या हयातीत होणार आहे का गं हा?” असं मुकादम दर भेटीत छेडायची, आणि ताई म्हणायची, “तुझ्या होईल. माझ्या होतो का ते बघ.” आता तो कपड्यांच्या कपाटात पडून होता. चौथ्या बाजूच्या टोकाला एक वेढा अर्धाच राहिलेला आणि त्याला शटल तसंच लोंबतंय.

ताई बोलेनाशी झाली. म्हणजे “हो”, “नको”, “असू दे” एवढंच. व्यायाम घ्यायला बाई यायच्या, त्यांच्यासमोर ती हात हलवायची आणि त्या गेल्या की पुन्हा खुर्ची आणि खिडकी. व्यायामाच्या बाई दारात हळूच म्हणाल्या, “हाताचं मी बघते, पण त्यांनी मन काढून घेतलंय. कशात तरी गुंतवा त्यांना. नाहीतर आहे तेही जाईल.” आई गेल्यावर मुकादमनं ताईलाच आई मानलं होतं. पण काळजी वाटली की ही बाई रागवायची. दुसरी तऱ्हाच तिला येत नव्हती.

तिनं टेबलक्लॉथ काढला, शटल ताईच्या उजव्या हातात कोंबलं आणि म्हणाली, “हा हात चांगला धडधाकट आहे की! धर. मी दुसरीकडून धागा धरते. कर सुरुवात.”

ताईनं शटलकडे पाहिलं, मुकादमकडे पाहिलं आणि शटल भिरकावून दिलं. ते कपाटाखाली गेलं. नवऱ्यानं पोटावर झोपून, पट्टी घालून ते बाहेर काढलं.

“हट्ट आहे नुसता!” मुकादम स्वयंपाकघरात फणफणली. “एक हात असून बसून राहायचं म्हणजे काय? मीच शिकते आणि मीच पुरा करते तो कपडा. बघू मग कशी गप्प राहते ती!”

“शिकशील कुठे?” नवऱ्यानं विचारलं.

वाचनालयाच्या फळ्यावर कागद लागला होता : शनिवार-रविवार टॅटिंगची कार्यशाळा, नवशिक्यांनी यावे. मुकादमनं इस्त्रीच्या टेबलांवरून दोन दिवस सुट्टी घेतली. धुलाई विभागात जो तो सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर टेबलं एकाला एक लावून ठेवली होती. शिकवणाऱ्या बाई उंच, चष्मा कपाळावर, आवाज मऊ. शेजारी एक दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी पहिल्याच तासाला अशा काही सुबक गाठी मारल्या की मुकादमला त्यांचा रागच आला.

“डाव्या हाताच्या बोटांवर धागा वेढून घ्या,” बाई सांगत होत्या. “उजव्या हातात शटल. आता शटल धाग्याखालून न्या, वरून आणा. झाली गाठ. पण थांबा, ही गाठ चुकीच्या धाग्यावर आहे. आता डाव्या हाताची बोटं सैल सोडा आणि उजव्यानं शटलचा धागा ताणा. बघा, गाठ पलटली. या धाग्यावरून त्या धाग्यावर गेली. पलटली तरच ती सरकते, आणि सरकली तरच शेवटी वेढा मिटतो.”

मुकादमची गाठ काही पलटेना. ती शटल ओढायची तशी डाव्या हाताची बोटंही ताठ करायची. दोन्हीकडून अशी रस्सीखेच चालली की गाठ मधल्या मधे आवळून बसली. टॅटिंगची चुकलेली गाठ उसवत नाही, कापावी लागते. कात्री तिच्यासमोरच ठेवून देण्यात आली.

“ढील द्या,” बाई म्हणाल्या.

“दिली की!”

“नाही दिलीत. मूठ बघा तुमची.”

“माझा हातच तसला आहे हो. इस्त्री धरून धरून.”

“सगळ्यांना वाटतं, शटलचा हात हुशार,” बाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. “शटल काय, खाली-वर जातं. खरं काम या दुसऱ्या हाताचं. कधी सोडायचं, कधी उचलायचं, हे याला कळावं लागतं. पण ते कळायला वेळ लागतो. घाई करू नका.”

मुकादमनं मनात बाईंना दोन शिव्या हासडल्या. कापलेल्या धाग्यांचा ढीग वाढत गेला. डॉक्टरीणबाईंनी एक वेढा पुरा करून मिटवलासुद्धा आणि वर “अगदी टाके घातल्यासारखं वाटतं नाही?” असं विचारलं. मुकादम म्हणाली, “दुखतंही तसंच.” सगळ्या हसल्या, आणि हसता हसता तिची बोटं कशी कोण जाणे सैल पडली. टुपकन गाठ पलटली. तिनं ती पुढेमागे सरकवून पाहिली. “अगंबाई!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालून वाचनालयाचा शिपाई वर येऊन बघून गेला.

त्या संध्याकाळी तिनं ताईला आपला पहिला वेढा दाखवला. वाकडातिकडा होता, पण मिटला होता. ताईनं तो उजव्या हाताच्या अंगठ्यानं चाचपला, खाली ठेवला आणि म्हणाली, “बरा आहे.” एवढंच. मुकादमच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं वेढा उचलून पिशवीत ठेवला. उद्याचा दिवस अजून हातात होता.

रविवारी एक वेढा दुसऱ्याला जोडायचा कसा, संपत आलेल्या धाग्याला नवा धागा कसा लावायचा आणि दोन शटलांनी अर्धा अर्धा वेढा कसा करायचा, ते झालं. दोन शटलांचं मुकादमला काही जमलं नाही. तिनं सरळ सांगून टाकलं, “हे डॉक्टरांना शिकवा.” नवा धागा लावायचं मात्र तिनं घोटून घेतलं. मग पिशवीतून टेबलक्लॉथ काढला. कपडा पसरला तशा सगळ्या उठून भोवती आल्या. इतक्या बारीक, इतक्या एकसारख्या गाठी! डॉक्टरीणबाई तर चष्मा पुसून पुन्हा बघू लागल्या. मुकादमची छाती फुगली.

“माझ्या बहिणीची आहे. उरलेली मी पुरी करणार.”

तिनं लोंबणारा अर्धा वेढा डाव्या हाताच्या बोटांवर चढवला आणि शटल उजव्या हातात घेतलं. काहीतरी चुकत होतं. कपडा उलटा पडला, लेसची मागची बाजू वर आली. तिनं तो फिरवला, तर शटल भलत्याच बाजूला जाऊन लोंबू लागलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

“आणा इकडे,” बाई म्हणाल्या. त्यांनीही तो आपल्या डाव्या हातावर चढवून पाहिला. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी तो उतरवला आणि उजव्या हातावर चढवला. कपडा सरळ झाला, लेसची पुढची बाजू वर आली आणि शटल आपोआप डाव्या हाताशी येऊन टेकलं.

“बहीण डावरी आहे का तुमची?” बाईंनी विचारलं.

“छे हो! उजवीच आहे. लिहिते उजव्यानं, भाजी चिरते उजव्यानं.”

“असेल. पण ही लेस डाव्या हातानं विणलीय. सगळीच्या सगळी. शटल त्यांच्या डाव्या हातात असायचं.”

ताईला लेस विणताना मुकादमनं आयुष्यभर पाहिलं होतं. पण दिसायची ती लेस आणि ताईची खाली घातलेली मान. शटल कुठल्या हातात आहे, हे कोण बघतं? आणि आता एकदम ते फोन आठवले. नशीब समजायचं, डावाच गेला. एकदा नाही, दोनदा नाही, जो फोन येईल त्याला, आणि तेही तिच्या तोंडावर! वर शटल नेऊन कोंबलं ते उजव्या हातात.

“बाई,” तिनं कपडा गोळा करत विचारलं, “तुम्ही काल म्हणालात ना, खरं काम दुसऱ्या हाताचं?”

“हो. का?”

मुकादम उत्तर द्यायला थांबली नाही. समारोपाचा चहाही तिनं घेतला नाही.

घरी आली तेव्हा नवरा घड्याळ उघडून बसला होता आणि ताई खिडकीशी. मुकादमनं चप्पलही काढली नाही. स्टूल ओढून ती ताईच्या डाव्या अंगाला बसली.

“तू डावरी आहेस?”

“होते,” ताई म्हणाली. “ तू झालीस तोवर बाबांनी हात सरळ केला होता माझा. शाळेत जाताना डावा हात फ्रॉकच्या पट्ट्यात बांधून पाठवायचे.”

“मग लेस?”

“लेस मला कोणी शिकवली नाही. हॉटेलातल्या एका बाईंचं बघून बघून आपली आपण शिकले. म्हणून ती तेवढी माझ्या हातानं आली.” तिनं मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. “एवढंच तर करत होते मी त्यानं.”

मुकादमला रडू फुटलं. ती रडायला लागली की नवऱ्याला काय करावं सुचत नसे, तसंच झालं; त्यानं घड्याळ मिटून टाकलं. “मला माहीत नव्हतं गं,” ती म्हणाली. “देवाशपथ माहीत नव्हतं. आणि मी काय काय बोलले!”

“असू दे.”

“असू दे नाही! हात दे इकडे. हा नाही, उजवा.” तिनं नाक पुसलं आणि अर्धा वेढा ताईच्या उजव्या हाताच्या बोटांवर चढवला. ताईचा अंगठा आपसूक जागच्या जागी जाऊन बसला. “शटल मी मारते. सोडायचं, उचलायचं तुझ्याकडे. ते मला येत नाही.”

ताईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मुकादमनं शटल धाग्याखालून नेलं, वरून आणलं आणि सवयीप्रमाणे दिला हिसका.

“अगं ए! बैल बांधतेस का?” ताई खेकसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. “मी बोटं सोडते, मग ताण. माझ्याकडे बघ. शटलकडे नको, माझ्या बोटांकडे.”

मुकादमनं बघितलं. बोटं सैल पडली, तिनं धागा ताणला. गाठ पलटली, ताईचं मधलं बोट वर झालं आणि गाठ सरकून शेजारणीला चिकटून बसली. “पुढची,” ताई म्हणाली. मग पुन्हा, “पुढची. हळू. तुझ्या इस्त्रीवाल्या बायका तुला सहन कशा करतात?”

“पगार मिळतो त्यांना.”

ताई हसली. नवऱ्यानं घड्याळ पुन्हा उघडलं, पण त्याचं लक्ष इकडेच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुकादमचे हात गुंतलेले, म्हणून नवऱ्यानं तो उचलून तिच्या कानाला लावला. लांबच्या वहिनी होत्या. त्यांना आत्ताच कळलं होतं, फार वाईट वाटलं होतं. निदान उजवा तरी वाचला ना, त्यांनी विचारलं.

मुकादमच्या हातातलं शटल थांबलं. ताईची बोटंही धाग्यासकट जागच्या जागी थांबली होती.

“नाही हो वहिनी,” मुकादम म्हणाली. “तिचा कामाचाच हात गेला.”

पलीकडून वहिनी काहीतरी विचारत राहिल्या. मुकादमला ते ऐकू आलं नाही. ताईचे डोळे भरून आले होते. झटका आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता पाणी गालावरून घळाघळा वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. नवऱ्यानं फोन बंद केला आणि आपल्या रुमालानं ते पुसलं.

“चला, धर ते शटल नीट,” ताई म्हणाली. “बोटं अवघडली माझी.” आणि तिनं ती सैल सोडली.