बाबांचं ‘नको’

वेल्समधल्या तिसऱ्या दिवशी मी गाडी चालवून पार दमले होते. एका गाडीपुरते रस्ते, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायचं ते मीच. शेजारी बाबा, मागे इंग्लंडातच वाढलेली माझी बारा वर्षांची लेक. बाबा आठवड्याभरात पुण्याला परतणार होते. ते पुन्हा इथे येतील की नाही, ही धास्ती होती, म्हणून मी या फिरण्याचा घाट घातला होता. नुसतं आमच्या ब्रॅकनेलच्या घरात बसवून त्यांना काय दिसलं असतं?

सकाळी धबधबा झाला. बाबा म्हणाले, मला नको, तुम्ही बघून या. आता आमच्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण विचारतो? पाहुणा पोळी नको म्हणतो, आपण वाढतो, तो खातो. मी आग्रह केला, तसे ते उतरले, चिखलातून कसेबसे चालले, छान आहे म्हणाले. तळ्यापाशी पुन्हा तेच. पावसाची पिरपिर चालूच होती आणि गाडीत ओल्या मोज्यांचा वास कोंडला होता. खरं तर मलाच कधी एकदा घरी जाऊन आडवी होते असं झालं होतं.

दुपारी किल्ला. वरून समुद्र दिसतो असं मी ऐकलं होतं. बाबा म्हणाले, किल्ले पुष्कळ पाहिलेत गं मी. मी कसली ऐकते! इथवर येऊन खालूनच परत फिरायचं का, म्हणत त्यांच्या दंडाला धरून जिना चढायला लागले. अर्ध्यात ते पायरीवरच बसले. ओठ पांढरे पडले होते.

लेकीने त्यांना पाणी दिलं आणि ती माझ्याकडे वळली.

“आई, आजोबा नको म्हणाली ना? सकाळपासून म्हणते. ही मीन्स नो.”

एरवी तिची अशी वाक्यं बाबा तिथल्या तिथे दुरुस्त करतात. या वेळी त्यांनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला लाज वाटली आणि रागही आला, तिचा, बाबांचा, त्या मेल्या जिन्याचा.

हळूहळू खाली आलो. गाडीत बसून चहा प्यालो. काचांवर वाफ धरली होती. शेवटी मनातलं विचारून टाकलं.

“बाबा, पुढच्या उन्हाळ्यात याल ना?”

“नको गं,” बाबा म्हणाले.

विमानतळावर व्हीलचेअर सांगू, इथे कुठे हिंडायचंच नाही, सगळं अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

“बरं,” म्हटलं.

बाबांनी मान मागे टेकली, डोळे मिटले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते निवांत दिसले, आणि मी तोंड फिरवून, काच पुसायचं निमित्त करून रडत राहिले.