अडतीस हजार मयत आणि नाहीबाई

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून असलेल्या खोलीत बावीस वर्षं एक बाई बसायच्या. सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस त्यांच्या ताब्यात होता. कुणीही काही मागायला आलं की त्यांचं पहिलं उत्तर "नाही", आणि दुसरं "कशाला?" म्हणून सगळे त्यांना नाहीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

सुरुवात कागदी फायलींपासून झाली होती. एकदा छतातला पाइप फुटला आणि 'म'पासून पुढच्या सगळ्या रुग्णांचा लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत हवीच, हे बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. दर गुरुवारी जेवणानंतर त्या बॅकअप एका जुन्या मशीनवर उतरवायच्या, नोंदी मोजायच्या, दहा-बारा उघडून वाचायच्या.

संगणक विभागाचे साहेब हसायचे. "अहो, बॅकअप रोज होतो. हिरवा दिवा लागतो की."

"दिवा दिव्यापुरता खरा," बाई म्हणायच्या. "परत आणून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे, श्रद्धा."

वरच्या मजल्यावर एक दाढीवाला प्रोग्रामर होता. हुशार, पण घाई पाचवीला पुजलेली. चालू डेटाबेसमध्ये थेट हात घालायची परवानगी बाईंनी त्याला तीनदा नाकारली. चौथ्यांदा साहेबांनी परस्पर देऊन टाकली.

एका मंगळवारी सकाळी चौकशीच्या खिडकीवर एक गृहस्थ आले. वडील वारले, तरी तपासणीला या म्हणून त्यांना संदेश येत होते. दाढीवाल्यानं त्या एका नोंदीवर 'मयत' करायचा दोन ओळींचा हुकूम लिहिला. चालवताना मात्र माउसनं वरचीच ओळ निवडली गेली. कोणाला मयत करायचं, हे सांगणारी ओळ खाली तशीच राहिली. अकरा वाजून दहा मिनिटांनी अडतीस हजार माणसं एका झटक्यात गेली.

प्रयोगशाळेचं मशीन मेलेल्यांचं रक्त घेईना. हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला, "पेशंट माझ्याशी भांडतोय आणि स्क्रीन म्हणतेय तो वारला." साहेबांनी याच रुग्णालयात दाढ काढून घेतली होती, त्यामुळे नोंदीत तेही गेले होते.

ते धापा टाकत तळघरात आले. "कालचा बॅकअप चढवा. आत्ताच्या आत्ता."

"नाही."

"का?"

"सकाळपासूनच्या नोंदी पुसल्या जातील. मेलेले उठतील आणि सकाळी जन्मलेली बाळं नाहीशी होतील."

बाईंनी बॅकअप जुन्या मशीनवर उतरवला. डेटाबेस आपोआप ठेवतो त्या बदलांच्या नोंदवहीतून सकाळचे बदल त्यावर पुन्हा चढवले आणि अकरा वाजून नऊ मिनिटांवर थांबल्या. साहेब मागे उभे राहून उसासे टाकत होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली नाही. मग तिथून फक्त जिवंत-मयतचा रकाना चालू डेटाबेसमध्ये आणायचं ठरलं. आधी नुसतं मोजून पाहिलं, मग बदल केला, तोही पक्का न करता. आकडा जुळतोय का ते पुन्हा बघितलं.

"अकरा दहानंतर खरंच कोण गेलं, हे या मशीनला माहीत नाही," त्या दाढीवाल्याला म्हणाल्या. "प्रत्येक वॉर्डाला फोन करा. विचारून लिहा."

अर्ध्या तासानं तो कागद घेऊन खाली आला. "दोन. एक ट्रकचालक, एक निवृत्त शिक्षिका." जरा थांबून म्हणाला, "आणि खिडकीवरच्या त्या गृहस्थांचे वडील. तीन."

अडतीस हजारांना जिवंत करून बाईंनी बदल पक्का केला. मग त्यानं तीन नंबर वाचले, बाईंनी एकेक नोंद केली. त्या वेळी कुणी विनोद केला नाही.

अहवालात साहेबांनी 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. बाईंनी ते खोडून 'चुकीची परवानगी' केलं आणि सहीसाठी पेन पुढे धरलं. साहेबांनी ओठ आवळून सही केली. दाढीवाल्याची परवानगी त्याच दिवशी गेली. पुढच्या गुरुवारपासून बॅकअप उतरवून बघायला तो स्वतःहून येऊ लागला.

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा सासूबाई ओट्यापाशी होत्या.

"आज तुम्ही दोन तास मेला होतात," बाई पर्स ठेवत म्हणाल्या. "तुमचं गुडघ्याचं कार्ड आमच्याकडेच आहे ना."

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग फोन करायचास ना. एवढी भांडी घासली नसती मी."