डब्यातली वानगी

माझ्या बायकोने डॉक्टरांना फसवलं आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना. तिने का फसवलं ते तिने मला सांगितलं. त्यांनी अजून सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

घाटकोपरला माझं धान्याचं दुकान होतं. ते मला कोणी दिलेलं नव्हतं. दाणाबंदरात पाठीवर पोती वाहिली, मग एका पोत्याचा धंदा केला, मग दोन पोत्यांचा. भाव करताना मी बापालाही सोडत नाही असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं. बायको मालवणकडची. दुकानाच्या वरच आमच्या दोन खोल्या होत्या. दुपारी मी जेवायला वर गेलो की ती गल्ल्यावर बसायची.

पन्नासचं दशक संपत आलं होतं, तेव्हा ती कच्चे तांदूळ खायला लागली. गल्ल्यावर बसल्या बसल्या पोत्यात हात घालायची आणि दाणे तोंडात टाकायची.

"अगं, गिऱ्हाइकासमोर उंदरासारखं काय कुरतडतेस?" मी ओरडायचो.

"आंबेमोहोर खाते. उंदराला कळतो का आंबेमोहोर?"

चाळीतल्या बायका गालात हसल्या. त्यांना वाटलं, आता वर्षभरात पाळणा हलणार. पाळणा हलला नाही. तिचे ओठ पांढरे पडले, नखं कागदासारखी झाली आणि एवढासा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायला लागली. आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिने गेले, ओठ तसेच. तेव्हा त्यांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथला डॉक्टर तरुण होता, परदेशात शिकून आलेला. तो म्हणाला, रक्त अंगात तयार होतंय, पण कुठूनतरी गळतंय. विष्ठेतलं रक्त शोधायची नेहमीची तपासणी हिच्या बाबतीत भरवशाची नाही, कारण रोज मासे खाणारी माणसं तुम्ही, माशातलं रक्तही त्या तपासणीत दिसतं. एक नवी पद्धत आहे. हिचं थोडं रक्त काढायचं, त्यातल्या लाल पेशींना किरणोत्सर्गी औषधाची खूण लावायची आणि ते परत शिरेत सोडायचं. आतड्यात रक्त गळत असेल तर ती खूण विष्ठेत उतरते. यंत्र ती मोजतं. रोज किती रक्त जातं ते कळतं.

मला ते लगेच समजलं. गोदामातून माल चोरीला जायचा तेव्हा मीही पोत्यांना गेरूचं बोट लावून ठेवलं होतं आणि चोर पकडला होता. मी तसं म्हटल्यावर डॉक्टर हसला. मला म्हणाला, "बरोबर ओळखलंत शेठ." तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. ती माझ्या मागे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी होती.

त्यासाठी तिला इस्पितळात ठेवायला हवं होतं. ती माझी बाही ओढून कुजबुजली, "माका हय ठेवू नका. परक्या माणसांसमोर माझ्याच्यान होवचा नाय." मग मी घासाघीस सुरू केली. ती घरी राहील, तिच्या विष्ठेचे डबे रोज मी स्वतः आणून देईन. बंदरावर मालाला येतोच आहे. डॉक्टर चटकन कबूल झाला. धंद्यात समोरचा इतक्या लवकर मान्य झाला असता तर मी माल पुन्हा तपासला असता. इथे मला वाटलं, मी जिंकलो.

"आणखी काय सांभाळायचं?" मी विचारलं.

"डबा आडवा होऊ देऊ नका आणि वेळेवर पोहोचवा. बाकीचं आमच्यावर सोडा."

झाकणाचे पत्र्याचे डबे त्यांनी दिले. डबा हलू नये म्हणून मी सुताराकडून जाड फळ्यांची पेटी करून घेतली आणि तिच्यात लाकडाचा भुसा ठासून भरला. ती रिकामीच इतकी जड होती की आतल्या डब्यात काय आणि किती आहे ते हाताला कळायचं नाही.

औषध टोचून आल्यावर शेजारीण दारात उभी. "वहिनी, आता अंधारात उजेड पडतो म्हणे तुमचा!"

"पडतो तर. ह्यांचं रॉकेल वाचवते."

शेजारणीशी असं बोलायची, पण सकाळी माझ्या नजरेला नजर देत नसे. मोरीत पडदा लावून सगळं आटपायची, डबा स्वतःच पेटीत ठेवायची आणि वर धुतलेलं फडकं टाकायची. मला झाकणाला हात लावू द्यायची नाही. मी पेटी उचलायला वाकलो की ती माझ्या पाया पडायची. रोज. मी चिडायचो. "अगं, काय चालवलंयस? मी काय तीर्थयात्रेला निघालोय?" ती उठून गॅलरीत जायची. मालाच्या लॉरीत पेटी मांडीवर घेऊन मी निघायचो. गॅलरीच्या कठड्याला धरून ती लॉरी वळेपर्यंत उभी असायची.

डबे संपले, निकाल आला. डॉक्टर म्हणाला, "आतड्यातून रक्त जात नाही. धडधाकट माणसाचं जातं त्याहूनही हिचं कमी आहे."

धडधाकट माणसाहूनही कमी. मी येताना पेढे घेतले आणि सबंध चाळीत वाटले. तिच्या तोंडात मी स्वतः पेढा घातला. पोटाचा शोध तिथेच थांबला. लोहाच्या गोळ्यांच्या जागी लोहाची इंजेक्शनं आली.

पावसाळा सरता सरता ती गल्ल्यावरून खाली कोसळली. ओकारी झाली ती कॉफीच्या गाळासारखी काळी. त्याच इस्पितळात खाटेवर ती पडली, बाटलीतून दुसऱ्या कुणाचं रक्त तिच्या हातात उतरत होतं. सर्जन म्हणाले, जठरात जुना व्रण आहे, पुष्कळ दिवसांपासून गळत असणार. जरा ताकद आली की पोट उघडू.

मी म्हटलं, "तपासणीत तर काही नव्हतं."

सर्जन गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अहो, मी सगळा नाय दिलंय."

"काय नाही दिलंस?"

"डब्यात. चमचाभर घालायचे, बाकीचा टाकून द्यायचे. तुम्ही नवरा माणूस. तुमच्या मांडयेर माझी घाण." ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही पोत्यात नळी खुपसतास, मूठभर दाणे काढतास, नि आख्ख्या पोत्याचो भाव सांगतास. माका वाटला, त्यांकाय तेवढा पुरात."

माझ्या दुकानात बसून ती शिकलेली वानगी होती ती. माल चांगला की वाईट, एवढंच बघायचं असेल तर मूठभर पुरते. चोरी किती झाली ते शोधायचं असेल तर सगळं गोदाम मोजावं लागतं. हे तिला एका वाक्यात कळलं असतं. ते वाक्य तिला कुणी सांगितलं नाही.

पोट उघडण्याइतकी ताकद तिला आलीच नाही. ती गेली.

तेरावं झाल्यावर मी त्या तरुण डॉक्टरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "म्हणजे तपासणी फुकट गेली. पेशंटनेच फसवलं तर आम्ही काय करणार?"

मी टेबलावर हात आपटला. शिपाई धावत आला आणि त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणून तेव्हा जे विचारायचं राहिलं ते आता विचारतो.

तिने फसवलं, मान्य. पण डॉक्टर, पेटी मी बंद आणत होतो. डबा तुमच्याकडे उघडत होता. तळाशी चमचाभर दिसत होतं. माणूस दिवसभरात एवढंच करतो का? एक दिवस चुकेल, दोन दिवस चुकेल. रोज तेवढंच येतंय हे तुमच्यात एकाच्याही डोळ्याला खुपलं नाही? माझ्याकडे पोतं हलकं आलं तर मी लॉरी तिथल्या तिथे थांबवतो. तुम्ही ते चमचाभर यंत्रात घातलंत आणि धडधाकट माणसाहून कमी असं मला सांगितलंत. मी पेढे वाटले.

ती तुमच्यासमोर उभी होती. माझ्याशी गेरूच्या गप्पा मारल्यात, तेव्हा मान वळवून तिला एवढंच म्हणायचं होतं, "बाई, सगळं द्या, काही टाकू नका." का नाही म्हणालात? आणि डबे उघडणारा जो कोणी होता, तो गप्प का बसला? मला शिपाई नको. उत्तर द्या.