सब्ज्याचं लग्न

त्या दुपारी घरात आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, सून मंगल, आणि पाणी मागायला दारात आलेली एक फुलवाली बाई. तिचं नाव विचारायचं राहिलं.

ह्यांनी मार्केट यार्डात जन्मभर पोती उचलली, कधी कण्हले नाहीत. पण त्या तापानंतर तोंड असं आलं, की चार दिवस पाण्याचा घोटही उतरेना. बोलणंही बंद. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही पोटात गेलं नाही तर ॲडमिट करा. हे मान हलवून नाही म्हणायचे. मी दोन पोरं पुरलीत, रडणं माझं कधीच संपलंय. दाराशी डब्यात तुळस होती, तिच्यापुढं बसले. म्हणलं, बाई, आता तूच बघ.

फुलवाली पाणी पिता पिता हसली. "आजी, सब्ज्याला कसलं साकडं घालता?"

"तुळस आहे ती."

"अहो, रोज हारात ओवते मी. सब्जाच हा!"

माझ्या डोळ्यात मोतीबिंदू. रोप मीच आणलेलं, रोज हळदकुंकू वाहिलं. मंगलनं कपाळाला हात लावला. "अहो आई, कार्तिकात आपण ह्याचं लग्न लावलं! ऊस, चिंचा, आवळे, सगळ्या गल्लीला जेवण!"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "कृष्णाला फसवलंस की गं!" चार दिवसांनी बोलले, तेही मला टोमणा मारायला.

फुलवालीनं वाळल्या मंजिऱ्या तळहातावर चोळल्या, काळं बी फुंकून घेतलं, पाण्यात टाकलं. थोड्या वेळात ते फुगून बुळबुळीत झालं. गार दुधात कालवून तिनं चमचा ह्यांच्या ओठाला लावला. घसरत गेला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत दोन वाट्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, राहू द्या घरीच.

मी शिकलेली नाही. ती बाई कोण, कुणी पाठवली, मला सांगता येत नाही. माझा नमस्कार चुकीच्या झाडाला गेला, तरी पोचला. तेव्हापासून मी हात जोडते आणि पुढचं त्याच्यावर सोडते. आता दाराशी दोन डबे आहेत, तुळशीचा आणि सब्ज्याचा. कुंकू दोघींना.

ती परत आमच्या गल्लीत आली नाही. डोक्यावर झेंडूची पाटी, हनुवटीवर गोंदण. वाचणाऱ्यांपैकी कुणाला दिसली तर एवढं सांगा, बिबवेवाडीचे आजोबा आता भाकरी खातात.