येळवशीची हाक

येळवशीचे, म्हणजे वेळ अमावस्येचे, किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. त्या अमावस्येला अर्धं लातूर घराला कुलूप लावून रानात जेवायला जातं. आमची टोळी जळकोटला व्यंकटअण्णांच्या शेतात जाते. परत येताना पिशवीत बोरं असतात आणि डोक्यात एक नवा किस्सा!

एकदा अण्णांची पुण्याची पुतणसून ॲव्होकॅडो घेऊन आली. अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तो दाबून पाहिला, वास घेतला आणि चिरून सरळ भज्जीच्या पातेल्यात टाकला. सून ओरडलीच! काकू म्हणाल्या, "भज्जीत समद्या भाज्या लागत्यात. ह्यानंच काय पाप केलंय?" पातेलं चाटूनपुसून साफ झालं.

आमच्या सुधाकरचं वर्क फ्रॉम होम. कडब्याच्या खोपीशेजारी लॅपटॉप उघडून तो सिंगापूरच्या साहेबाशी बोलत होता, तेवढ्यात खोपीतल्या पाच पांढऱ्या दगडांची, म्हणजे पांडवांची, पूजा झाली आणि मागून "हर हर महादेव!" साहेब दचकला. सुधाकर म्हणाला, "टीम लंच आहे, सर." यंदा साहेबानंच आधी विचारलं, "तुमचं ते ओरडायचं लंच कधी आहे?"

डिलिव्हरीवाल्याचं तर विचारूच नका. पत्ता विचारायला बांधावर थांबला, अण्णांनी ताटावर बसवला. येळवशीला बांधावरून कुणी उपाशी गेलेलं त्यांना चालतच नाही. ज्याचं पार्सल होतं त्याचा चिडून फोन आला. अण्णांनी तो स्वतःच घेतला. "पार्सल हितंच हाय. तुमी बी या जेवाया!" आणि तो गडी खरंच आला! बायकोला घेऊन.

एवढं सगळं असून अण्णांना एकच घोर. एकुलता एक महेश जर्मनीत. "माज्यामागं येळवस कोन करनार?" असं ते दरवर्षी आंबील पिता पिता म्हणायचे, आणि आम्हाला फार वाईट वाटायचं.

यंदा दुपार कलल्यावर महेशचा व्हिडिओ कॉल आला. बाल्कनीत बर्फ, कुंडीत पांढरे रंगवलेले पाच दगड, समोर आंबिलीचं भांडं. "अण्णा, पूजा केली." अण्णांचे डोळे भरले. तेवढ्यात त्यांना शेजारच्या बाल्कनीत एक म्हातारा दिसला.

"त्यो कोन?"

"म्हाईत न्हाई. कधी बोललोच न्हाई."

"मग बोलाव की जेवाया!"

"अण्णा, इकडं असं बोलावत नसतेत. आधी ठरवावं लागतंय."

"येळवस हाय आज. हाक मार."

महेशनं मारली, तिकडच्या भाषेत. म्हातारा आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. अण्णांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला.

थोड्या वेळानं महेशच्या दाराची बेल वाजली. तो फोन घेऊनच धावला. दारात तोच म्हातारा, कोट-टाय घालून. हातात घरून आणलेला चमचा!