आगीपुढचं घर

घाटंजीच्या अलीकडच्या त्या खेड्यात आगीचं पथक निघालं ते सत्तावन सालच्या उन्हाळ्यात, पाटलांचा कापूस जळाला तेव्हा. त्याआधी झोपड्या काय कमी जळाल्या होत्या? पण झोपड्यांसाठी पथक कोण काढतो! बैलगाडीवर पाण्याचे ड्रम, चावडीवर घंटा, आणि टोकाला लोखंडी आकडा ठोकलेला एक लांब बांबू, एवढा सगळा थाट. पुंडलिकराव पाटील पुढारी झाले. पाणी मारायला माणसं पुष्कळ मिळाली, आकडा मात्र कोणी हातात धरेना.

कारण आकड्याचं कामच तसं. वारा ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूचं पुढचं घर आगीनं धरायच्या आत ओढून पाडायचं, म्हणजे आग तिथंच थांबते. धडधाकट घर पाडायचं आणि वर घरच्यांचे शिव्याशाप खायचे. ते काम बौद्धपुऱ्यातल्या उकंडाच्या गळ्यात पडलं.

"पापाचं काम असलं का गावाले बौद्धपुऱ्याची आठवण बराबर येते," त्याची बायको तुळसाबाई म्हणायची. दीक्षा घेतल्यापासून ती कोणाचं ऐकून घेत नसे.

उकंडा अंगानं आडदांड, पण मनानं भित्रा. आकडा लावण्याआधी तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "घरात कोनी हाये काय?" उत्तर आलं नाही की डोळे मिटून ओढायचा. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

साठ सालच्या चैत्रात, भर दुपारी, घंटा वाजली ती बौद्धपुऱ्यासाठी. शेजारच्या धर्मपालचं घर पेटलं होतं आणि वारा सरळ उकंडाच्या घराकडे. चावडीवरून आकडा घेऊन उकंडा धावत सुटला. घरात त्याची लेक नलू होती, नुकतीच बाळंत झालेली.

"बाया साऱ्या नाल्यावर गेल्या," धर्मपाल धापा टाकत म्हणाला. "तुयं घर खाली हाये."

"अन् नलू?"

"तिले बी नेलं असन तुळसाबाईनं."

उकंडा ओरडला. उत्तर नाही. पुन्हा ओरडला, घसा फाटेस्तोवर. आत सामसूम. सगळ्या गल्लीचे कूड पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, एकाला एक चिकटलेले. त्याचं घर पेटलं की एकही वाचणार नव्हतं.

"ओढ ना गा, काहून थांबला?" पुंडलिकराव खेकसले.

त्यानं आकडा आढ्यात अडकवला आणि एक हिसका दिला. छपराचे कवेलू खळखळत घसरले. तेव्हा त्याला आठवलं. सकाळीच तुळसाबाईनं नलूच्या कानात कापसाचे बोळे घातले होते, वरून फडकं घट्ट बांधलं होतं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. ती घरात असली तरी तिला काही ऐकू येणारच नव्हतं.

बांबू तसाच सोडून तो आत घुसला. धुरात डोळे उघडेनात. नलू भिंतीकडे तोंड करून बाजेवर निजली होती, बाळ कुशीत. आढ्याचं लाकूड अर्धं निखळून बरोबर तिच्या डोक्यावर लोंबत होतं. दोघांना उचलून त्यानं बाहेर काढलं, वावरात नेऊन ठेवलं, आणि परत येऊन आपल्या हातानं आपलं घर पाडलं. गल्ली वाचली. पुंडलिकराव शाबास म्हणाले. उकंडा वावराकडे लेकीजवळ गेला.

पुढंही कित्येक वर्षं आकडा त्याच्याकडेच राहिला. पण त्यानं ओरडणं सोडलं. पेटत्या आगीशेजारच्या घरात स्वतः शिरायचा, एकेक बाज, एकेक कोपरा हातानं चाचपायचा. एकदा भुवया जळाल्या. उशीर करतो म्हणून लोक कुरकुरायचे, तो लक्ष देत नसे.

स्वतःचं घर पाडलं त्या दिवशी संध्याकाळी सगळे निंबाखाली बसले होते. तुळसाबाईनं लेकीच्या कानातले बोळे काढून फेकले. नलूनं विचारलं, "बाबा, मले उचललं तवा छपराले आकडा लटकून राह्यला होता. कोनं लावला होता?"

तुळसाबाई नवऱ्याकडे बघू लागली.

"म्याच," उकंडा म्हणाला.

नलूनं बाळ त्याच्या बाजूच्या आपल्या मांडीवरून उचललं आणि पलीकडच्या मांडीवर घेतलं.